‘अनाथ’ या शब्दापलीकडे

सौंदत्तीच्या यल्लम्मास वाहिलेल्या स्त्रीचे मूल घ्या. कर्नाटकाच्या 1982 च्या कायद्याने मुली वाहण्यास बंदी घातली. परंतु त्याआधी वाहिलेल्या स्त्रियांच्या मुलांचा प्रश्न उरलाच. आई हयात आहे, कागदावर बापाचे नाव नाही, निम्मे बालपण निपाणीत आजीपाशी आणि उरलेले वसतिगृहात गेले आहे. अशा मुलास अनाथ म्हणावे काय?

2015 च्या बाल न्याय अधिनियमातील ‘अनाथ’ची व्याख्या लोकसमजुतीहून उदार आहे. ज्याचा कायदेशीर पालक सांभाळण्यास राजी किंवा समर्थ नाही, असे मूलही तीत बसते. ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ही संज्ञा त्याहून व्यापक आहे. मात्र अठरा वर्षे पूर्ण होताच दार अरुंद होते. अनुरक्षणाचे साहाय्य संस्थेतून बाहेर पडलेल्यांनाच, आणि तेही सामान्यतः एकविसाव्या वर्षापर्यंत. आजीच्या घरी वाढलेला तरुण या चौकटीबाहेर राहतो.

इंग्लंडमध्ये सोळा-सतरा वर्षांचे जे मूल सरकारी देखरेखीत असते आणि चौदाव्या वर्षापासून किमान तेरा आठवडे तेथे राहिलेले असते, त्यास पुढील साहाय्याचा हक्क मिळतो. आठवडे मोजणे मला काहीसे हास्यास्पद वाटते. तरी तेथे निदान गतकाळ मोजला जातो.

कोगनोळी नाक्यापलीकडे महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण दिले. तेथेही सारे प्रमाणपत्रावर अवलंबून. म्हणून माझे समाजकार्यकर्त्यांस सांगणे असे की, मूल कोणाच्या छपराखाली, किती काळ राहिले, याची लेखी नोंद त्याच्या बालपणीच ठेवावी.