हेन्री हॉब्सन रिचर्डसन
अमेरिकी वास्तुकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन (१८३८–१८८६) यांचा जन्म लुइझियानाचा, शिक्षण हार्वर्ड आणि पॅरिसमध्ये. यादवी युद्धामुळे घरून येणारे पैसे थांबले, तेव्हा पॅरिसमध्येच नोकरी करून त्यांनी दिवस काढले.

बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चने (१८७२–७७) त्यांचे नाव झाले. जागा भरावाची, म्हणून पायाखाली हजारो लाकडी खुंट ठोकले. ते भूजलात बुडालेले असेपर्यंतच टिकतात; कोरडे पडले की कुजतात. या चर्चमधली खडबडीत दगड आणि रुंद अर्धवर्तुळाकार कमानींची शैली पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

शिकागोतले मार्शल फील्डचे घाऊक दुकान मात्र त्याहून सरस: नक्षीकाम जवळजवळ नाही, नुसती कमानींची लय. वास्तुकार लुई सलिव्हनवर त्याचा खोल ठसा उमटला. हे दुकान १८८७ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा रिचर्डसन हयात नव्हते. १९३० मध्ये ते पाडले गेले.