पूल ओलांडताना धडधड का होते?

बीजीएमआयमधला एरंगेलचा मॅप आठवा. ८ बाय ८ किलोमीटर. दक्षिणेच्या बेटावर मिलिटरी बेस, तिथं लूट भारी. पण सेफ झोन उत्तरेला सरकला की परत यायला पूल दोनच, आणि तिथं कॅम्पर दबा धरून बसलेले. बोट शोधायची, पोहायचं, की गाडी दामटायची? खरी मजा या निर्णयात आहे. बॅग रिकामी असेल तर तोच पूल म्हणजे नुसता रस्ता. गमवायला काहीतरी असलं, की प्रवासाचाच खेळ होतो.

आणि हरलो तर काय, अर्धा तास गेला, पुन्हा लॉबी. रात्रपाळी सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरांमधून बाईक काढताना मात्र मागे लॉबी नसते. तिथं सावकाश जा.