स्नोमोबाइल डेकचा पृष्ठभाग

स्नोमोबाइल डेक म्हणजे स्नोमोबाइल वाहून नेण्यासाठी पिकअप ट्रकच्या हौद्यावर बसविलेला सपाट मंच होय. पश्चिम कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया व आल्बर्टा या प्रांतांत, तसेच अमेरिकेच्या पर्वतीय राज्यांत त्याचा वापर आढळतो. डेकचा सांगाडा भार पेलतो. परंतु त्याच्या पृष्ठभागाला स्कीची धार, रबरी पट्टा, माणसाचे पाऊल, बर्फ आणि रस्त्यावरील मीठ या सर्वांना तोंड द्यावे लागते. या सर्वांना पुरे पडेल असे एकच साहित्य उपलब्ध नाही. त्यामुळे पृष्ठभागाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला योग्य ते साहित्य वापरणे आणि झिजणारा थर सांगाड्याला धक्का न लावता बदलता येईल असा ठेवणे, ही डेकच्या रचनेतील मुख्य गोष्ट ठरते.

पार्श्वभूमी

क्यूबेकमधील संशोधक जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांच्या कंपनीने १९५९ साली 'स्की-डू' हे हलके वाहन बाजारात आणले. त्यानंतर स्नोमोबाइल हे हौसेचेही वाहन बनले. आधुनिक स्नोमोबाइलचे वजन साधारणतः २०० ते ३०० किलोग्रॅम असते. तिच्या पुढील भागी दोन स्की व मागील भागी रुंद रबरी पट्टा असतो. ती डांबरी रस्त्यासाठी बनविलेली नसल्यामुळे हिमाच्छादित प्रदेशापर्यंत ट्रकवरून किंवा ट्रेलरवरून न्यावी लागते.

दोन स्नोमोबाइल शेजारी-शेजारी ठेवण्याइतका पिकअप ट्रकचा हौदा रुंद नसतो. त्यामुळे हौद्याच्या कडांच्या वर अधिक रुंदीचा डेक बसवितात. कॅनडा व अमेरिकेत वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण कमाल मर्यादा सुमारे २.६ मीटर असल्याने डेकची रुंदी त्या मर्यादेत ठेवावी लागते. डेकचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारणतः सव्वा ते दीड मीटर उंचीवर येतो. स्नोमोबाइल रॅम्पवरून तिच्याच इंजिनाच्या बळावर वर चढविली जाते. अशा वेळी पट्टा निसटला किंवा चालकाचा पाय घसरला, तर दोघेही खाली कोसळण्याचा धोका असतो. म्हणून पृष्ठभागाच्या निवडीत टिकाऊपणाइतकेच सुरक्षिततेलाही महत्त्व आहे.

परस्परविरोधी अपेक्षा

स्कीच्या तळाशी पोलादी दांडी असते आणि वळताना पकड मिळावी म्हणून तिच्यात टंगस्टन कार्बाइडची धार बसविलेली असते. टंगस्टन कार्बाइड पोलादापेक्षाही पुष्कळ कठीण असल्याने ही धार ॲल्युमिनियम व लाकूड सहज ओरखडते. उलट, कठीण पृष्ठभागावर घासल्यास धारेचीही झीज होते. त्यामुळे स्कीच्या मार्गात गुळगुळीत व घर्षण कमी करणारा पृष्ठभाग लागतो.

रबरी पट्ट्याला याच्या नेमके उलट, म्हणजे रुतण्यास आधार देणारा पृष्ठभाग हवा असतो. माणसाच्या बुटालाही ओल्या बर्फावर पकड हवी असते. संपूर्ण डेक गुळगुळीत ठेवला तर चालणाऱ्याला धोका उत्पन्न होतो. संपूर्ण डेक खरखरीत ठेवला तर स्की अडकतात. म्हणून बहुधा स्कीच्या मार्गावर प्लास्टिकच्या पट्ट्या, पट्ट्याच्या मार्गावर आडव्या धातूच्या पट्ट्या आणि पाय ठेवण्याच्या जागी खरखरीत आवरण अशी योजना करतात.

साहित्याचे प्रकार

प्लायवुड : स्वस्त व घरच्या घरी कापता येण्याजोगे असल्याने प्लायवुड लोकप्रिय आहे. त्यासाठी जलरोधक डिंकाने चिकटविलेले, बाह्य वापराचे प्लायवुड घ्यावे लागते. पाणी प्रामुख्याने कापलेल्या कडांतून व बोल्टच्या छिद्रांतून आत शिरते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. गोठण्या-वितळण्याच्या प्रत्येक फेऱ्यात थर थोडेथोडे सुटत जातात. यासाठी बोल्ट बसविण्यापूर्वीच कडा व छिद्रे एपॉक्सीने बंद करतात. फिनॉलिक लेपाचे प्लायवुड अधिक टिकते, परंतु त्याचा गुळगुळीत प्रकार ओला असताना अतिशय निसरडा होतो.

ॲल्युमिनियम : ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते. ट्रकची भारवहन क्षमता मर्यादित असल्यामुळे हा लाभ मोठा आहे. चेकर प्लेट या उठावदार नक्षीच्या पत्र्यावर कोरड्या स्थितीत बऱ्यापैकी पकड मिळते. मात्र नक्षीच्या फटींत बर्फ दाबून बसला की ती पकड नाहीशी होते. याउलट दातेरी कडांची छिद्रे असलेल्या पत्र्यातून बर्फ व पाणी खाली पडते. चालण्याच्या जागेसाठी हा पत्रा अधिक सुरक्षित असतो.

पॉलिएथिलीन : उच्च घनतेचे व अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन स्कीच्या मार्गासाठी विशेष उपयुक्त आहे. ते घर्षण कमी करते, पाणी शोषत नाही आणि कडाक्याच्या थंडीतही ठिसूळ होत नाही. पॉलिप्रोपिलीन दिसायला तसेच असले, तरी त्याचा साधा प्रकार शून्य अंशाच्या आसपासच ठिसूळ होऊ लागतो. त्यामुळे खरेदी करताना प्लास्टिकचे नाव तपासणे आवश्यक ठरते. काजळी मिसळलेले काळे पॉलिएथिलीन सूर्यप्रकाशातही अधिक टिकते.

रबर व फवारलेले लेप : रबरी चटई पायांना पकड देते व आवाज कमी करते, परंतु तिच्याखाली खारे पाणी साचून राहते. पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया यांचा फवारलेला खरखरीत लेप पृष्ठभागाला सलग चिकटतो व पाणी अडवितो. कार्बाइडच्या धारेने मात्र तो कापला जातो. म्हणून स्कीच्या मार्गात त्यावर प्लास्टिकच्या पट्ट्या बसवाव्या लागतात.

मीठ आणि क्षरण

कॅल्गरी ते रेव्हलस्टोक हे सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर ट्रान्स-कॅनडा महामार्गाने पार केले जाते. हिवाळ्यात अशा महामार्गांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात आणि ट्रकच्या चाकांनी उडालेला खारा चिखल डेकच्या खालच्या बाजूसही बसतो. मॅग्नेशियम क्लोराइड व कॅल्शियम क्लोराइड ही वितळविणारी द्रव्ये हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यामुळे रस्ता कोरडा झाल्यावरही सांध्यांतील थर ओलाच राहतो.

खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना स्पर्श करीत असले की त्यांतील अधिक क्रियाशील धातूचे क्षरण होते. पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या जोडीत हे क्षरण सहसा ॲल्युमिनियमचे होते. स्टेनलेस बोल्टाभोवती दिसणारी पांढरी भुकटी हे त्याचे लक्षण होय. बोल्ट व पत्रा यांमध्ये नायलॉनचे वॉशर आणि नळ्या घातल्यास, तसेच पोलादी आधारावर रबर किंवा प्लास्टिकची पट्टी ठेवल्यास हा संपर्क तुटतो.

तांब्याची संयुगे मुरविलेले लाकूड ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर थेट ठेवणे हानिकारक आहे. ओल्या लाकडातील तांबे ॲल्युमिनियमला झपाट्याने खाते. लाकूड कुजू नये म्हणून केलेला उपाय अशा प्रकारे सांगाड्यालाच पोखरतो.

जोडणी

पॉलिएथिलीन तापमानानुसार धातूपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते. उणे ३० ते अधिक ३० अंश सेल्सिअस या फरकात २.४ मीटर लांबीच्या पट्टीची लांबी सुमारे दीड ते तीन सेंटीमीटरने बदलते, तर तेवढ्याच लांबीच्या ॲल्युमिनियमची साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. पट्टी सर्व ठिकाणी घट्ट आवळल्यास ती उन्हाळ्यात फुगून वर येते किंवा थंडीत बोल्टपाशी फाटते. म्हणून एक टोक पक्के करून उरलेल्या जागी लांबट छिद्रे ठेवतात. पॉलिएथिलीनला डिंक नीट धरत नाही, त्यामुळे बोल्ट अपरिहार्य असतात. त्यांची डोकी पृष्ठभागाच्या खाली बुडवितात, अन्यथा कार्बाइडची धार त्यांत अडकते.

निगा

डेकवरील बर्फ काढण्यासाठी मीठ टाकणे टाळतात. प्लास्टिकचे किंवा लाकडी फावडे त्यासाठी योग्य असते. तापमान शून्याच्या वर असताना डेक वरून व खालून स्वच्छ पाण्याने धुतात. तीव्र अल्कधर्मी साबण ॲल्युमिनियमला अपायकारक असल्याने वापरीत नाहीत. हंगामाच्या शेवटी चटया उचलून वाळविणे, सैल बोल्ट आवळणे व लेपावरील ओरखडे बुजविणे ही कामे केली जातात. ओरखडा लहान असला तरी त्यातून शिरलेले मीठ लेपाखाली पसरते. प्लास्टिकची पट्टी निम्म्याहून अधिक झिजल्यावर बदलणे हितावह असते, कारण बोल्टाचे डोके उघडे पडल्यावर स्की अडकण्याचा धोका पुन्हा निर्माण होतो.