मोहरीतला रोहू

नागपूरला शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला की नवनव्या हॉटेलांच्या गोष्टी सांगतो. गेल्या खेपेला त्याने थाई जेवणाचं वर्णन केलं. नारळाच्या दुधातला रस्सा आणि त्यात गवती चहा! मी म्हटलं, बाबा रे, आमच्या आलापल्लीतून एटापल्लीला, भामरागडला, सिरोंचाला रस्ता जातो. थायलंडला जात नाही. पण परकी चव चाखायला आता आम्हांलाही लांब जावं लागत नाही. शेजारच्या मुलचेरा तालुक्यातल्या एका बंगाली कुटुंबाने इथे लहानसं हॉटेल काढलं आहे. चार टेबलं, वर पत्रे, पाटीवर मराठी अक्षरांत 'माछ-भात'. मुलगा गल्ल्यावर, सून चुलीपाशी, नात वाढायला, आणि म्हातारी आई कोपऱ्यात विळी घेऊन बसलेली.

विळी म्हणजे आपलीच विळी. ते तिला 'बोंटी' म्हणतात. पातं जरा उंच आणि थेट उभं असतं. त्यावर म्हातारी दोन किलोचा रोहू असा कापत होती, की आपण काकडी कापावी. मी पाहत उभा राहिलो, आणि मग बसलोच. मासळीचं एक बरं असतं. ती जबह करावी लागत नाही, त्यामुळे माझ्यासारख्याला कुठेही निर्धास्त खाता येते.

ताट आलं आणि माझी पहिली चूक झाली. आपण सगळं एकदम वाढून घेतो आणि मनाला येईल तसं कालवतो. मी डाळीच्या भातावर मासा ओढला. कोपऱ्यातून आवाज आला, "तसं नाही, बाबा!" बंगाली जेवणाला क्रम असतो. आधी कडू, म्हणजे कारलं किंवा कोवळा कडुलिंब. मग डाळ-भाजी, मग मासा, मग गोडसर चटणी, आणि शेवटी मिठाई. प्रत्येक पदार्थासाठी भाताचा वेगळा वाटा. कडू पहिलं, कारण त्याने तोंड स्वच्छ होतं आणि भूक लागते, असं सुनेने सांगितलं.

डाळीची फोडणी पाच मसाल्यांची होती: मेथी, कलौंजी, जिरं, बडीशेप आणि मोहरी. हे 'पाँचफोरन'. सगळे अख्खेच तेलात पडतात, कुटायचे नाहीत. त्यातलं 'फोरन' म्हणजे आपली फोडणीच. शब्द एकाच घरचा. माशाचं तंत्र मात्र वेगळं. आम्ही कांदा-लसणाचं वाटण आणि तिखट घालून रस्सा लालभडक करतो. इथे तुकड्यांना हळद-मीठ चोळून ते मोहरीच्या तेलात परततात. तेल आधी धूर निघेपर्यंत तापवायचं, नाहीतर त्याचा कच्चा उग्रपणा जात नाही. मग वाटलेली मोहरी आणि हिरवी मिरची. मोहरी नुसती वाटली तर कडवट होते. भिजवून, मीठ आणि मिरची घालूनच वाटायची. पहिल्या घासाला नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं. नात हसली.

मी म्हटलं, "पाणी दे गं." पोरीने गिलास आणला आणि म्हातारीने मान वर केली.

"तिकडे असतो तर तुमचं नाव विचारायची गरज नव्हती," ती म्हणाली. "तिकडे तुम्ही 'पानी' म्हणता. आम्ही 'जल'."

मी नाव सांगितलं. मुलाचा नोटा मोजणारा हात थांबला.

तिकडे म्हणजे बारिसाल. तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आजचा बांगलादेश. 1964 च्या दंगलींनंतर तिचे आईवडील तिला घेऊन निघाले. रायपूरजवळच्या माना छावणीत दिवस काढले, आणि मग ट्रकने त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात आले. गडचिरोली जिल्हा झाला तो 1982 मध्ये. नदीनाल्यांच्या मुलखातली ही माणसं सागवानाच्या रानात आणून ठेवलेली. जंगल साफ करून सरकारने त्यांना जमिनी दिल्या. आदिवासी शेजाऱ्यांच्या मनात त्याची खंत आहे आणि ती खोटी नाही. चामोर्शी, मुलचेरा भागात त्यांची गावं वसली, तळ्यांत मासळी आली, बाजारात भाजी आली. मी लहानपणापासून त्यांच्याकडून वांगी घेत आलो. त्यांच्या घरी मात्र कधी जेवलो नव्हतो. मी गेलो नाही की त्यांनी बोलावलं नाही, हे आता ठरवता येत नाही. ते कुणाच्या भीतीने पळून आले, हे आमच्या घरात माहीत होतं. त्यावर कुणी बोलत नसे.

मी विचारलं, "मावशी, तिकडे तुमच्या घरी आमचं माणूस जेवलं असतं?"

"नाही," ती म्हणाली. "अंगणात बसलं असतं. तुमच्या लोकांसाठी लोटा वेगळा होता. आणि बामणांकडे आमच्यासाठी वेगळा."

ती नमःशूद्र. बंगालातली ही मोठी कष्टकरी जात, एके काळी अस्पृश्य मानलेली. पश्चिम बंगालमध्ये ती अनुसूचित जातींत येते. महाराष्ट्राच्या यादीत ती नाही, कारण या याद्या राज्यवार असतात. नात बारावी झाली आहे. तिच्या दाखल्यासाठी मुलाने बऱ्याच चकरा मारल्या. आजीने ज्या जातीपायी अंगणात बसून पाणी प्यायलं, ती जात नातीच्या कागदावर उतरत नाही.

मुलाने यावर काही न बोलता माझ्या ताटात माशाचं डोकं आणून ठेवलं. ते मानाचं असतं, असं सून म्हणाली. खरं सांगायचं तर मला ते नीट खाता येईना. म्हातारी उठून जवळ आली आणि कुठून फोडायचं, कुठे चोखायचं, काटा कसा बाजूला काढायचा ते दाखवत राहिली. बोलता बोलता तिने नातीला हाक मारली, "अगं, यांना अजून पाणी दे." पाणीच म्हणाली, साठ वर्षं मराठी मुलखात गेली की 'जल' कुठे शिल्लक राहतं? निदान गिऱ्हाईकासमोर तरी. घरात काय म्हणते, ते मी विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी नमाज आटोपून बायकोला घेऊन गेलो. रोहू आला नव्हता. अंडं-बटाट्याचा रस्सा मिळाला. बायकोला मोहरीच्या तेलाचा वास आवडला नाही, पण टोमॅटोची गोड चटणी तिने दोनदा मागून घेतली आणि सुनेकडून ती कशी करायची ते विचारून आली.