दुरुस्तीचें बिल आणि त्यावरील तंटा

घरांतील वस्तु बिघडते, दुकानांत जाते आणि पैसे चुकते झाल्यावर परत येते. हा व्यवहार इतका नित्याचा आहे, कीं त्यामागें कांहीं कायदा असेल असें गृहस्थाच्या मनांतहि येत नाहीं. तो आठवतो काम फसल्यावर. समजा, ऐन वैशाखांत खामगांवच्या एका कुटुंबाची विहिरीवरील मोटर जळाली. ती वाइंडिंग भरण्यासाठीं दुकानांत दिली आणि खर्च तोंडीं ३,२०० रुपये ठरला. घेण्यास गेल्यावर बिल निघालें ५,४०० रुपयांचें. त्यांत न विचारतां बदललेलें बेअरिंग धरलेलें होतें. दुकानांतच चालवून पाहतां मोटर दहा मिनिटांत तापली. मालकानें पैसे देण्यास नकार दिला, मिस्त्रीनें मोटर देण्यास. घरांत पाणी नाहीं, आणि दोघांसहि आपलीच बाजू न्यायाची वाटते.

दोघांच्याहि म्हणण्यांत कांहीं तथ्य असूं शकतें. मोटर उघडल्यावांचून आंतील सर्व दोष दिसत नाहींत, आणि झिजलेलें बेअरिंग तसेंच ठेवलें तर नवें वाइंडिंगहि लवकर जळूं शकतें. परंतु दोष सांपडणें निराळें आणि मालकाची संमति मिळणें निराळें. वाढीव काम निघतांच हात थांबवून मालकास कळवावें व त्याचा होकार, मोबाइलवरील संदेशानें कां होईना, पण लेखी घ्यावा. मग तंट्याचें मूळच उरत नाहीं.

मिस्त्रीनें मोटर अडविणें ही नेहमींच अरेरावी असते असें नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७० व्या कलमान्वयें, ज्या हेतूनें वस्तु दिली त्या हेतूस अनुसरून श्रम वा कौशल्य खर्चणाऱ्या कारागिरास, उलट करार नसेल तर, योग्य मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेतां येते. कायद्यानेंच दोन उदाहरणें दिलीं आहेत. पैलू पाडण्यास दिलेला हिरा जवाहिऱ्यास पैसे मिळेपर्यंत ठेवतां येतो. पण कोट शिवून होतांच देण्याचें व पैशांसाठीं तीन महिने थांबण्याचें ज्या शिंप्यानें कबूल केलें, त्यास कोट अडवितां येत नाहीं. या हक्कास मर्यादाहि आहेत. तो त्याच वस्तूवरील कामापुरता आहे. मागील पंख्याची बाकी दाखवून आजची मोटर अडवितां येत नाहीं. तो ठेवण्याचा हक्क आहे, विकण्याचा नव्हे. शिवाय पाणी उपसण्यासाठीं दिलेली मोटर जर चालतच नसेल, तर पूर्ण मोबदल्याचा दावा लंगडा पडतो.

म्हणून सबंध बिल नाकारण्यापेक्षां त्याची फोड मागावी: तार किती वजनाची, मजुरी किती, बेअरिंग कितीचें. जळालेली तांब्याची तारहि विसरूं नये. ती मालकाची असते. दुकानानें ठेवून घ्यावयाची असल्यास तसें आधीं ठरलेलें असावें, किंवा तिची किंमत बिलांतून वजा व्हावी. मान्य रक्कम एकीकडे व वादाची रक्कम दुसरीकडे मांडली, कीं भांडण बहुधा लहान होतें.

पाण्यावांचून अडल्यामुळें वादाची रक्कमहि द्यावीच लागली, तर पावतीवर ‘हरकत राखून दिली’ असें लिहावें. मग दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीकडून दोषाचा लेखी अभिप्राय घ्यावा, आणि तो हातीं येईपर्यंत नवी दुरुस्ती करूं नये; नाहींतर पुरावा नाहींसा होतो. विजेचा दाब कमी-अधिक झाल्यानें जळालेली मोटर कारागिराच्या माथीं मारणें अन्यायाचें होय. असा अभिप्राय त्यालाहि वांचवितो. त्यानंतर पंधरा दिवसांची मुदत देऊन दुकानास पत्र पाठवावें.

एवढ्यानेंहि न मिटल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवून समेटाचा प्रयत्न करतां येतो. तो न साधल्यास बुलढाणा येथें जिल्हा ग्राहक आयोग आहे. दुकान अकोल्यास असलें तरी तक्रारदार जेथें राहतो तेथील आयोगाकडे जातां येतें. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत अर्ज करावा लागतो. मोबदला पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं आणि वकील देण्याची सक्ति नाहीं. दोन्ही पक्षांची संमति असल्यास प्रकरण मध्यस्थीकडे सोपवितां येतें. निव्वळ व्यापारासाठीं घेतलेल्या सेवेस हा कायदा लागत नाहीं. परंतु बियाण्यांच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१२ मध्यें शेतकऱ्यांस ग्राहक मानलें. त्यामुळें चिखली-मेहकरकडील शेतांतल्या पंपाचीहि दाद येथें मागतां येते.

विरुद्ध पक्षास नोटीस मिळाल्यापासून निकालास तीन महिने, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पांच महिने, अशी मुदत कायद्यानें सांगितली आहे. तेवढ्यांत वैशाख उलटून पावसाळा आलेला असतो. म्हणून वस्तु दुकानांत ठेवतांनाच एक चिठ्ठी करावी. तींत दोष, खर्चाचा अंदाज, परत देण्याचा दिवस आणि कामाची हमी किती दिवसांची हें लिहून दोघांनीं सह्या कराव्या. ही चिठ्ठी ग्राहकास वाढीव बिलापासून राखते, आणि प्रामाणिक मिस्त्रीची मजुरी बुडूं देत नाहीं.