परदेशी विद्यार्थ्यांचा इंग्रजीचा वर्ग : निरीक्षण कशाचे करावे ?

परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी जवळून पाहिल्यावर डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये पुण्यात 'सिंबायोसिस'ची स्थापना केली. या संस्थेच्या 'एल्टिस' या इंग्रजी अध्यापन केंद्रात, तसेच पुण्यातील इतर वर्गांत, निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी लागणारे इंग्रजी शिकत आले आहेत. कराडहून सुमारे १६० कि. मी. अंतरावरील असा वर्ग आपल्या प्राध्यापकांनी एकदा तरी पाहावा. तो पाहताना कशाकडे लक्ष द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्याकडे इंग्रजी वाक्य अडले की शिक्षक मराठीत अर्थ सांगून पुढे जातो. अरबी, फारसी आणि स्वाहिली बोलणारे विद्यार्थी एकाच बाकावर असतील तर ही सोय उरत नाही. अर्थ चित्राने, कृतीने किंवा दुसऱ्या सोप्या इंग्रजी वाक्याने पोहोचवावा लागतो आणि तो पोहोचला की नाही, हे लगेच दिसते. आपल्या वर्गात भाषांतरामुळे नेमके हेच झाकले जाते.

निरीक्षणासाठी फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती बी.एड्.च्या अभ्यासामुळे अनेकांना परिचित आहे. दर ३ सेकंदांनी नोंद करावयाची. एकूण १० वर्ग, त्यांपैकी ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांचे आणि शेवटचा शांतता अथवा गोंधळाचा. परंतु येथे हा दहावा वर्ग अपुरा पडतो. गप्प बसलेला विद्यार्थी मनात वाक्य जुळवीत असेल, किंवा त्याला प्रश्नच कळला नसेल. दोन्हींची नोंद एकाच आकड्याने केल्यास निष्कर्ष चुकतो. मानेच्या हालचालींवरही विसंबू नये : आपण होकारार्थी मान डोलावतो ती इतरांना नकार वाटू शकते.

चुकांची नोंद मात्र मातृभाषेनुसार करावी. अरबीत 'प' हा ध्वनी नसल्याने 'पार्क'चे 'बार्क' होते. वर्तमानकाळातील साध्या अरबी वाक्यात 'आहे'ला प्रतिशब्द लागत नाही. म्हणून इंग्रजीतील 'इज' गळते. फारसीत तो आणि ती यांना एकच सर्वनाम असल्याने 'ही' व 'शी' यांची अदलाबदल होते. अरबीभाषक 'अल्'च्या सवयीने 'द' नको तेथे घालतो, तर आपला मराठी विद्यार्थी हवा तेथेही गाळतो. मोठ्या लिपीतील अक्षरे विसरण्याची चूक दोघांचीही, कारण अरबी लिपीत व देवनागरीत तसा भेदच नाही. यांपैकी एकही चूक आळसाची वा मंदबुद्धीची नाही. आपण मात्र उत्तरपत्रिका तपासताना फार सहज तसे मानतो.

आणखी एक साधी नोंद घ्यावी. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो ? मेरी बड रो यांनी अमेरिकेतील विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून १९७४ मध्ये दाखविले की हा काळ सरासरी १ सेकंदाच्या आसपास असतो. तो ३ सेकंदांपर्यंत वाढविल्यास उत्तरे लांब व अधिक विचारपूर्वक येतात. परक्या भाषेत उत्तर जुळविणाऱ्याला तर त्याहूनही अधिक वेळ हवा. पुण्याला जाण्यापूर्वी ही एक नोंद आपल्याच वर्गात, मागच्या बाकावर सहकाऱ्याला घड्याळ घेऊन बसवून, करून पाहता येईल.