चुंबकाचे बळ आणि मेंदूची चाहूल

मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी शल्यवैद्यास एक गोष्ट नेमकी ठाऊक असावी लागते: रोग्याची वाचा कोठे वसते? काही मिलिमीटरांची चूक झाली, तर गाठ जाईल, पण तिच्यासवे शब्दही जातील. कवटी न उघडता हे पाहण्याचा मार्ग एम. आर. आय. यंत्राने दाखविला. परंतु या यंत्राला विचार दिसत नाही. दिसते ते रक्त.

१९३६ साली लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी सिद्ध केले, की प्राणवायूने युक्त असलेले हीमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर लोटले जाते, आणि प्राणवायू सोडलेले त्याच्याकडे ओढले जाते. १९९० साली सेइजी ओगावा यांनी हाच भेद चित्रणासाठी योजिला. मेंदूचा एखादा भाग कार्यरत झाला, की तेथे गरजेहून अधिक ताजे रक्त धावते. प्राणवायुहीन हीमोग्लोबिनाचे प्रमाण घटते आणि यंत्राला मिळणारा संदेश किंचित वाढतो. १९९२ साली मानवी मेंदूवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. बोस्टन येथे १.५ टेस्लाच्या, तर मिनेसोटात ४ टेस्लाच्या चुंबकाने. १.५ टेस्लाला ही वाढ साधारणतः शेकडा एक-दोनच भरते.

चुंबक प्रबळ होताच ही चाहूल स्पष्ट होते. शिवाय आणखी एक लाभ असतो. डोंगरात पाऊस पडावा आणि पूर मात्र दूरच्या पुलापाशी दिसावा, तसे दुर्बळ चुंबकात संदेशाचा मोठा वाटा मोठ्या नीलांतून येतो, आणि खरे कार्यस्थान थोडे बाजूलाच राहते. क्षेत्र वाढले, की सूक्ष्म केशवाहिन्यांचा वाटा वाढतो व स्थाननिश्चिती सुधारते.

तथापि रेडिओचा आवाज वाढविला, की गाण्याबरोबर खरखरही वाढते. श्वासाचे व नाडीचे हेलकावे प्रबळ चुंबकात अधिक जाणवतात. नाकाच्या व कानाच्या पोकळ्यांलगत चित्र वाकते, काही ठिकाणी पुसूनही जाते.

२०१७ साली अमेरिकेत ७ टेस्लाच्या यंत्राला रुग्णतपासणीसाठी मान्यता मिळाली. तरीही चुंबकाचा आकडा म्हणजे सत्याचे माप नव्हे. यंत्र कितीही बलवान असले, तरी ते मेंदूची वार्ता रक्ताच्या मुखाने सांगते. ती पारखून घेण्याचे काम मात्र वैद्याच्या विवेकाकडेच राहते.